चौथीचा गलका

तालुक्याला मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण असलं की हल्ली मला हमखास उभं करतात. ‘मॅडम, तुमची शाळा एवढी पुढं कशी आली, ते सांगा.’ त्यांना पाच-सात मुद्दे हवे असतात, पडद्यावर दाखवता येतील असे. मी म्हणते, बाबांनो, माझ्याकडे एकच आहे, आणि तोही ठेच खाऊन शिकलेला. नव्या शाळेत गेलात की काहीही बदलायच्या आधी वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून ऐका. जे चाललंय ते का चाललंय, ते विचारा. मगच तोंड उघडा. लोक माना डोलावतात आणि वहीत काही लिहून घेत नाहीत. एवढंच होय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

ठेच कुठं लागली, ते मी तिथं सांगत नाही. लाज वाटते. इथं सांगते.

मला मुख्याध्यापिकेची बढती मिळाली ती दिवाळीनंतर, घोडेगावच्या अलीकडच्या एका गावात. जिल्हा परिषदेची शाळा, सात वर्ग, पाच खोल्या, पुढं कडुनिंब आणि मागं ऊस. त्याआधी मी नगर शहरात एकाच शाळेत एकोणीस वर्षं काढली होती. तिथं आमच्या मोठ्या बाईंचा दरारा असा, की व्हरांड्यातून त्या निघाल्या की पंख्यांचा आवाज ऐकू यायचा. शांत शाळा म्हणजे चांगली शाळा, हे माझ्या डोक्यात तिथंच पक्कं बसलं. त्यात माझा स्वभाव. आई म्हणायची, या पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर राग आणि जिभेला हाड नाही. बढती मिळाल्यावर दोन्हींना जरा जास्तच मोकळं रान मिळालं.

नव्या शाळेत पहिल्या दिवशी खुर्चीत बसले आणि कानांवर जो गलका आला, त्यानं माझं डोकंच उठलं. बाजाराचा दिवस होता. रस्त्यानं गाई-बैलांनी भरलेले टेम्पो एकामागून एक घोडेगावकडं चाललेले, हॉर्न वाजतायत, बैल हंबरतायत. पण त्या सगळ्यावर आवाज होता तो चौथीच्या वर्गाचा. जाऊन बघते तर पोरं बसल्या जागी ओरडतायत. ‘सर, मी तिसऱ्या बाकावरची, मी सांगू?’ ‘सर, मी खिडकीपाशी, माझं झालं.’ सर फळ्यावर गणित लिहितायत आणि पहिल्या बाकावरचा एक मुलगा ते मोठ्यानं वाचतोय, मध्येच म्हणतोय, ‘सर, थोडं वर.’ दोन पोरी एकमेकींच्या वह्या वाचून दाखवतायत आणि सर पाठमोरे उभे राहून ‘बरोबर, बरोबर, तिसरं परत कर’ म्हणतायत. हात कुणीच वर करत नव्हतं.

सर वयानं माझ्याहून मोठे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. मूळचे राहुरीकडचे, चर्चच्या शाळेत शिकलेले, गळा गोड, बोलणं मऊ. त्याच जूनमध्ये ऑनलाइन बदलीनं ते या गावात आले होते आणि बायकोसह शाळेमागंच एक खोली घेऊन राहत होते. मला वाटलं, झालं, थकलेत. पोरं डोक्यावर बसलीत आणि यांना वर्ग आवरत नाही. मी कुणाला काही विचारलं नाही. नवा गडी, नवं राज्य. आठवड्याभरात नियम काढले आणि प्रत्येक वर्गात चिकटवले. बोलायचं असेल तर हात वर करायचा. सरांनी, बाईंनी नाव घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याची वही वाचायची नाही. वह्या शिक्षकांनी स्वतः तपासायच्या, त्याही शाळेतच, घरी न्यायच्या नाहीत.

आणि शाळा शांत झाली. खरंच झाली. माझा आवाजच तसा आहे. केंद्रप्रमुख आले तेव्हा व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, ‘मॅडम, शाळा सुरू आहे ना?’ मला ते कौतुक किती गोड लागलं म्हणून सांगू. रात्री घरच्यांना दोनदा सांगितलं.

जानेवारीत एका शुक्रवारी मी चौथीच्या वर्गात गेले. पोरं हाताची घडी घालून बसलेली. सर टेबलाशी खाली वाकून बसलेले. वह्यांचा गठ्ठा पुढ्यात होता, त्यातल्या चार वह्या मी उचलल्या. पहिल्या वहीत चुकीच्या भागाकाराला बरोबरची खूण. दुसरीत बरोबर उत्तरावर काट. तिसरीत तर पान कोरं होतं आणि त्या कोऱ्या पानावर लाल पेनानं मोठी बरोबरची खूण आणि खाली सही. माझ्या अंगाची लाही झाली. ती वही मी अख्ख्या वर्गापुढं उघडून धरली आणि म्हणाले, ‘सर, कोऱ्या पानावर खूण? डोळे उघडे ठेवून तपासता की मिटून?’

सर उभे राहिले. ‘चुकलं, मॅडम,’ म्हणाले. एवढंच.

पोरांपैकी एकही हसलं नाही. असल्या वेळी पोरं हसतात, निदान एखादं तरी खुसखुसतं. मी मनात म्हटलं, बघा, काय वचक बसलाय. माझ्या मूर्खपणाला त्या दिवशी काही सीमा नव्हती.

शनिवारी सकाळी शाळा भरायच्या आधी सरांचा अर्ज माझ्या टेबलावर होता. प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती मिळावी. अक्षरं मोठी मोठी, ओळी खाली घसरलेल्या. माझं काम एवढंच, की त्यावर शिफारस लिहून पंचायत समितीत पाठवायचा. तो एकदा पुढं गेला की सर गेले. मला वाईट वाटलं असं खोटं सांगणार नाही. सुटले, असंच वाटलं. सोमवारी जाणाऱ्या टपालात अर्ज ठेवून दिला.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मी कुलपांच्या किल्ल्या मोजत होते, तेवढ्यात दारात चौथीतली एक मुलगी येऊन उभी राहिली. ही तीच तिसऱ्या बाकावरची. तिचा बाप बैलांचा व्यापारी, सुट्टी असली की तिला बाजारात घेऊन जायचा. तिथं भाव ओरडून ओरडून पोरीचा आवाज असा खणखणीत झालेला, की कानात कुजबुजली तरी वर्गाला कळावं. उंचीनं मात्र टेबलाएवढी.

‘बाई, आमाला वर्गात बोलू द्या ना.’

‘का गं? तोंडाला कुलूप सोसवत नाही का?’

‘तसं न्हाई. आमी बोल्लो न्हाई तर सरांना कळत न्हाई, कोन कुठं हाय ते.’

‘म्हणजे?’

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, ‘सरांना दिसत न्हाई. लई दिवस झालं. हात वर केला तरी दिसत न्हाई. म्हनून आमी बाक सांगतो. फळ्यावर ते लिवतात ते एकानं वाचायचं, वळ खाली गेली तर वर म्हनायचं. वह्या एकमेकाच्या वाचायच्या, सर ऐकून सांगतात बरुबर का चूक.’

‘हे असं करायचं, हे सरांनी सांगितलं तुम्हाला?’

‘न्हाई. आमीच ठरवलं. सरांना वाटतं, आमाला ठावंच न्हाई.’

मी खुर्चीत बसले. विचारलं, ‘मग मला का नाही सांगितलंत?’

ती माझ्याकडं बघून अगदी साधेपणानं म्हणाली, ‘तुमीच तर बोलू नका म्हनल्या.’

नऊ-दहा वर्षांची ती पोरं. सहा महिने एका माणसाची लाज झाकून ठेवत होती, आणि ती झाकलीय हे त्यालासुद्धा कळू न देता. आणि मी त्यांना शिस्त लावायला निघाले होते. मला त्या पोरीपुढं रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी किल्ल्या पुन्हा मोजायला घेतल्या. ती गेल्यावर खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी आवरत होत्या, त्यांना विचारलं, ‘मावशी, चौथीच्या सरांचं तुम्हाला माहीत होतं?’ मावशी म्हणाल्या, ‘व्हय की. मी त्यांचं ताट खाली ठेवीतच न्हाई, हातातच देते.’ थोडक्यात काय, साऱ्या गावाला ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते शाळेच्या मुख्याध्यापिकेला.

रविवारी दुपारी मी नगरहून परत गावात गेले. सर चर्चमधली उपासना आटोपून येऊन खोलीपुढं खुर्ची टाकून बसले होते. मी अंगणात पाय ठेवला तोच म्हणाले, ‘या मॅडम. तुमच्या चपलेचा आवाज कळतो.’ त्यांच्या पत्नीनं चहा टाकला. मी गाडी आडवळणानं न नेता सरळ विचारलं, ‘सर, डोळ्यांना काय झालंय?’

त्यांनी खुर्ची जरा माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, ‘मोतीबिंदू. दोन्हींकडं. डावा पिकलाय, उजवा अजून पिकायचाय. पिकल्याशिवाय काढत नाहीत ना. दोन्ही पिकले की एकदमच काढू म्हटलं, तोवर निवृत्तही होईन.’

‘पिकायला तो काय आंबा आहे का, सर? आता कुणी थांबत नाही पिकायला.’

‘तुम्ही शहरातल्या,’ ते म्हणाले. ‘माझ्या थोरल्या भावाचा कच्चाच काढला होता, शिबिरात. डोळ्यात पू झाला. डोळा गेला. आमच्या घरात तेव्हापासून हेच ठरलंय.’ मग खाली मान घालून म्हणाले, ‘आणि कुणाला कळलं, तर अनफिट करून घरी बसवतील, हीसुद्धा भीती होतीच. चौतीस वर्षं उभ्यानं शिकवलं. शेवटी कुणीतरी हात धरून बाहेर काढावं, हे नको होतं.’

‘आणि पोरं?’

इथं त्यांचा चेहरा बदलला. ‘पोरांचं काय सांगू? आधी मला वाटलं, वाचाळ वर्ग मिळालाय. मग एक दिवस मी मुद्दाम फळ्याच्या कडेबाहेर लिहायला लागलो, तर तीन पोरं एकदम म्हणाली, सर, इकडं. तेव्हा उमगलं. ती मला कळू देत नव्हती, म्हणून मीही त्यांना कळू दिलं नाही. पण मॅडम, वर्ग छान चालला होता. एरवी जी पोरं तोंड उघडत नाहीत, तीसुद्धा मोठ्यानं वाचायला लागली होती. गणित सांगायचं तर नीट बोलून सांगावं लागतं, मग ते डोक्यात बसतं.’

मी म्हटलं, ‘सर, माझं चुकलं. अर्ज परत घ्या. उद्यापासून चौथीला बोलायची परवानगी देते.’

त्यांनी मान हलवली. रागानं नाही. ‘तुम्ही रागावलात त्याचं मला काही नाही. वह्या चुकीच्या तपासल्या होत्याच. पण पोरांच्या देखत बोललात. ती मला सांभाळून घेत होती, आणि त्यांच्याच समोर मी उघडा पडलो. कालपासून वर्गात नुसतं उभं राहिलं तरी कळतं, त्यांना माझी कीव येतेय. कीव करणाऱ्या पोरांना कसं शिकवायचं? राहू द्या अर्ज.’

एकोणीस वर्षं मी शिकवलं, पण असं बोलणं कुणी मला ऐकवलं नव्हतं. आणि त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

सोमवारी सकाळी मी सहावीच्या गुरुजींना माझा विचार सांगितला. ते शाळेतले जुने जाणते. म्हणाले, ‘मॅडम, खोलीत बोलावून काय ती माफी मागा. पोरांपुढं मुख्याध्यापकानं माफी मागितली की वचक गेलाच म्हणून समजा. उद्या कोणी ऐकणार नाही तुमचं.’ मलाही तीच धास्ती होती. आयुष्यात मी नवऱ्याचीसुद्धा धड माफी मागितलेली नाही, सॉरी म्हणून स्वयंपाकघरात निघून जाते. पण जे चारचौघांत बिघडवलं, ते दार लावून कसं दुरुस्त होणार?

परिपाठाला पोरं कडुनिंबाखाली रांगेत बसली. प्रार्थना झाली, सुविचार झाला, सातवीच्या मुलीनं पेपरातल्या बातम्या वाचल्या. मग मी पुढं गेले. म्हणाले, ‘शुक्रवारी मी चौथीच्या वर्गात सरांना बोलले. मी चुकीचं बोलले. काय आहे, का आहे, ते न विचारता बोलले. तुमच्यासमोर बोलले, म्हणून तुमच्यासमोरच सांगते, चूक माझी होती. सर, मला माफ करा.’ डोळ्यांचं एक अक्षर मी काढलं नाही. ते सरांचं होतं आणि चौथीच्या पोरांचं होतं. शेवटी म्हटलं, ‘आणि चौथीनं आजपासून पहिल्यासारखं बोलायचं.’

आणि तेवढ्यात पहिलीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. परिपाठात कुणी काही म्हणून दाखवलं की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्या बिचाऱ्यांना शिकवलेलं. बाईंनीही आज काहीतरी म्हणून दाखवलं. मग दुसरीनं वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मी रडत होते की हसत होते, मला सांगता यायचं नाही. सहावीचे गुरुजी आकाशाकडं बघत होते.

सर चौथीच्या रांगेमागं उभे होते. ते वर्गाकडं निघाले. मी त्यांच्या मागोमाग जाऊन दाराबाहेर, भिंतीच्या आड उभी राहिले. बराच वेळ आतून काही आवाज नाही. मग तो खणखणीत आवाज आला, ‘सर, मी तिसऱ्या बाकावरची. शुक्रवारचा भागाकार राहिलाय.’ सर म्हणाले, ‘मग सांग, भाज्य किती होता?’ आणि हळूहळू वर्ग सुरू झाला. पाऊण तास मी तिथं उभी होते. ज्याला मी गलका म्हणत होते, त्यात एकसुद्धा फालतू शब्द नव्हता.

मधल्या सुट्टीत सर ऑफिसात आले. ‘मॅडम, तो अर्ज.’

‘टपालातून काढून ठेवलाय, देते,’ मी म्हटलं, ‘पण एका अटीवर. या आठवड्यात नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात यायचं. मी आणि तुमच्या घरच्या, दोघी बरोबर येऊ. न पिकलेला काढायचा.’

‘तुम्ही घोडेगावच्या बाजारात शोभाल,’ ते म्हणाले. पण आले.

डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तपासून झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. उजव्याचं ऑपरेशन लगेच करू, नीट दिसेल, म्हणाली. डाव्याचा मोतीबिंदू मात्र पिकून पिकून फुगला होता, त्याच्या दाबानं मागची नस वाळून गेली होती. ‘यात आता नजर येणार नाही. दोन-अडीच महिने आधी आणलं असतं, तर थोडं तरी वाचवता आलं असतं.’

दोन-अडीच महिने. मला शाळेत येऊन तेवढेच दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी मी त्या दारात उभी होते. ‘सर, थोडं वर’ हे माझ्या कानांनी ऐकलं होतं. तेव्हा एका पोराला जवळ घेऊन विचारलं असतं, का रे बाबा असं म्हणतोस, तर? मी सरांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘अहो, मी स्वतः सहा महिने पिकायची वाट बघत बसलो. तुम्ही कशाला वाटेकरी होता?’ त्यांनी मला मोकळं केलं, पण मी काही मोकळी झालेली नाही. म्हणूनच प्रशिक्षणात मी तो एकच मुद्दा घेऊन उभी राहते.

ऑपरेशन झालं. विश्रांती झाली. महिन्याभरानं सर नवा चष्मा लावून शाळेत आले. मी त्यांच्याबरोबर वर्गाच्या दारापर्यंत गेले. पोरं गप्प बसली होती, आपणहून. आता सरांना दिसतं, मग ओरडायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. सर दारातच थांबले. एकेका बाकावर नजर फिरवत राहिले, आणि त्यांना कुणीच ओळखू येईना. जूनमध्ये ते आले तेव्हाच चेहरे धूसर झाले होते. या वर्गातलं एकही तोंड त्यांनी कधी धड पाहिलेलं नव्हतं.

‘असे गप्प काय बसलात?’ ते म्हणाले. ‘बोला, म्हणजे कळेल मला कोण कोण ते.’

‘सर, मी तिसऱ्या बाकावरची.’

सर वळले. बाकापाशी गेले, खाली वाकले आणि तिच्याकडं बघतच राहिले. ‘तू होय? एवढ्या आवाजाची पोरगी एवढीशी? मला वाटायचं, तू चांगली थोराड असशील.’

‘व्हईन की सर,’ ती म्हणाली, ‘आजून चौथीतच हाय.’

वर्ग हसला. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, ‘बरं. आता हिच्या शेजारी कोण बसतं, त्याला बघू दे.’